अक्कलदाढेनंतरचा तिसरा तास

खालच्या जबड्यातली अक्कलदाढ काढून घरी परतलेला माणूस पहिले दोन तास मोठा धीराचा असतो. ओठ, हनुवटी आणि अर्धी जीभ बधिर असते. दातांखाली गॉजचा बोळा असल्यामुळे बोलता येत नाही, पण हातवारे करून तो घरच्यांना सांगत असतो की विशेष काही नाही. तिसऱ्या तासाला इंजेक्शनचा अंमल उतरू लागतो. आधी ओठाला मुंग्या येतात, मग जबड्याच्या कोनात एक ठणका सुरू होतो आणि कानापर्यंत चढत जातो. धीर संपतो.

चार वर्षांपूर्वी माझी डाव्या बाजूची दाढ काढली, तेव्हा मी याच क्रमाने गेले. तिसऱ्या तासाला डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली, डोळे मिटून पडले आणि पाच-सात मिनिटांत बरे वाटू लागले. हे बरे वाटणेच मला नंतर छळू लागले. गोळी पोटात विरघळायची, आतड्यातून रक्तात जायची, रक्ताबरोबर जबड्यापर्यंत पोचायची, आणि तिथे काम सुरू करायची, याला वीस मिनिटे ते अर्धा तास तरी लागतो. मग पाचव्या मिनिटाचा आराम कोणाच्या खात्यावर मांडायचा?

‘मनाचे खेळ’ असे म्हणून हा प्रश्न झटकता येतो. माझी आई दात दुखला की लवंग धरायला सांगे आणि पाठीवरून हात फिरवत बसे. विज्ञानाची विद्यार्थिनी असताना मी तिला ऐकवले होते की लवंगेत युजेनॉल असते, ते खरोखर बधिरता आणते, म्हणून लवंग ठीक. हात फिरवणे मात्र मनाचे खेळ. या वाक्याचा उत्तरार्ध पुढे मला परत घ्यावा लागला. गंमत अशी, की तो परत घ्यायला लावणारे बरेचसे प्रयोग अक्कलदाढ काढलेल्या माणसांवरच झाले आहेत.

आधी नावाबद्दल थोडे. ही दाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते, म्हणजे अक्कल यायच्या वयात. ‘अक्कल’ हा शब्द मूळ अरबी, आणि अरबीतही या दाढेचे नाव अकलेची दाढ असेच आहे. लॅटिनमध्येही तिला शहाणपणाचा दात म्हणतात. येणाऱ्या दाढेला जबड्यात जागा पुरली नाही की ती आडवी होते, हाडात अडकते, हिरडी सुजते. हे दुखणे जुनेच आहे. विज्ञानाच्या इतिहासात मात्र ते शिरले 1799 च्या सुमारास, हंफ्री डेव्हीच्या तोंडातून.

डेव्ही तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होता. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे थॉमस बेडोज नावाच्या डॉक्टरने वायूंनी रोग बरे होतात का हे तपासण्यासाठी एक संस्था काढली होती. तिथे डेव्ही नायट्रस ऑक्साइडवर, म्हणजे आपण ज्याला हास्यवायू म्हणतो त्यावर, प्रयोग करत होता. प्रयोगाचा प्राणी बहुतेक वेळा तो स्वतःच असे. त्याच दिवसांत त्याची अक्कलदाढ येऊ लागली. हिरडी सुजली, झोप उडाली. दुखणे टिपेला पोचले त्या दिवशी त्याने वायूच्या तीन मोठ्या मात्रा घेतल्या. पहिल्या चार-पाच श्वासांतच वेदना कमी झाली, नेहमीची धुंद मजा आली, आणि धुंदी उतरताच वेदना परत आली. एकदा तर ती आधीपेक्षा जास्त आहे असे त्याला वाटले. हे सगळे त्याने 1800 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले. फार रक्तस्राव होणार नाही अशा शस्त्रक्रियांत हा वायू उपयोगी पडेल, असेही तो लिहून गेला.

ते वाक्य चव्वेचाळीस वर्षे पुस्तकातच राहिले. डेव्ही विद्युत-रसायनाकडे वळला. हास्यवायू जत्रेतल्या करमणुकीची वस्तू झाला. डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन याने असाच एक खेळ लावला होता. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली आणि त्याला ते कळलेच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. दुसऱ्याच दिवशी, 11 डिसेंबरला, वेल्सने स्वतः वायू घेतला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून आपली दाढ उपटून घेतली. दुखले नाही. पुढच्याच महिन्यात बॉस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर त्याने प्रात्यक्षिक केले, तेव्हा वायू कमी पडला, रुग्ण ओरडला आणि वेल्सची टर उडाली. 1846 मध्ये त्याचाच जुना सहकारी मॉर्टन याने ईथर वापरून तेच प्रात्यक्षिक यशस्वी केले. वेल्सचा शेवट 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात आत्महत्येने झाला.

पुढचा टप्पा भराभर ओलांडू. 1884 मध्ये हॉल्स्टेड आणि हॉल यांनी न्यूयॉर्कमध्ये जबड्याच्या नसेजवळ कोकेन टोचून तेवढाच भाग बधिर करून दाखवला. हॉल्स्टेडला त्याची किंमत कोकेनच्या व्यसनाने मोजावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आले, 1943 मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. दाढ काढताना होणारी वेदना अशा रीतीने जवळपास संपली. डेव्हीच्या अनुभवातली दुसरी अर्धी गोष्ट, अंमल उतरल्यावर परत येणारी वेदना, ती मात्र होती तिथेच राहिली.

ही वेदना येते कशी? दाढ काढताना हिरडी कापावी लागते, कधी हाड कोरावे लागते. दुखावलेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे वेदनेच्या नसा हळव्या होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते. ॲस्पिरिन या द्रव्यांचे उत्पादन रोखते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आयबुप्रोफेनही हेच करते. बधिरता उतरेपर्यंत हे सगळे आत शिजत असते, म्हणून ठणका एकदम जाणवतो. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते.

आता अडचण अशी की वेदना मोजायची कशाने? तापाला तापमापी आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. वेदनेला माणसाच्या सांगण्यावाचून दुसरे माप नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांना दिसले होते, की भयंकर जखमी झालेल्या अनेक सैनिकांना मॉर्फीन नको होते. तेवढ्याच जखमेचा नागरी रुग्ण हॉस्पिटलात आकांत करतो. जखमेचा आकार आणि वेदनेचा आकार एकच नसतो, हा त्यांचा निष्कर्ष. 1955 मध्ये त्यांनी असेही मांडले की साखरेची गोळी किंवा मिठाचे पाणी देऊनही सरासरी पस्तीस टक्के रुग्णांना समाधानकारक आराम पडतो. औषधी गुण नसलेल्या अशा उपचाराला प्लासिबो म्हणतात. बीचर यांचा आकडा पुढे बराच टीकेचा विषय झाला. नुसता वेळ गेल्यामुळे ज्यांना बरे वाटले असते, तेही त्यांच्या हिशेबात मिसळले होते. पण प्रश्न रुजला तो रुजलाच.

तो तपासायला हवी होती एकसारखी माणसे आणि एकसारखी वेदना. स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी 1976 मध्ये सौम्य वेदनाशामकांच्या चाचणीसाठी दाढा काढलेल्या बाह्यरुग्णांचा नमुना मांडला. विचार करा, किती सोयीची परिस्थिती! रुग्ण तरुण, एरवी धडधाकट. शस्त्रक्रिया ठरवून केलेली, एकाच ठिकाणची. वेदना किती वाजता सुरू होणार हे जवळपास माहीत. ती बरीच तीव्र असते, आणि काही दिवसांत जाते. शिवाय जबड्याला दोन बाजू असतात. रुग्णाने ठरावीक वेळाने आपली वेदना नोंदवायची, आणि सहन होईनासे झाले की नेहमीचे औषध मागून घ्यायचे. ते मागेपर्यंत किती वेळ गेला, हेही एक मापच. आज आपण घेतो त्यांतल्या अनेक वेदनाशामक गोळ्या या चाचणीतून पार झालेल्या आहेत.

याच तिसऱ्या तासाचा एक वेगळा उपयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या जॉन लेव्हीन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी केला. त्यांचा शोधनिबंध 1978 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याआधी काय घडले होते ते लक्षात घ्यायला हवे. मेंदूत अफूजन्य द्रव्यांसाठी खास ग्राहक जागा आहेत, हे 1973 मध्ये सिद्ध झाले होते. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला असेल? त्याची किल्ली शरीराकडेच असली पाहिजे. ती किल्ली 1975 मध्ये स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत सापडली. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये बनवते. त्यांना आज आपण एंडॉर्फिन या नावाने ओळखतो. आणि नॅलॉक्सोन नावाचे एक औषध आधीपासून माहीत होते, जे या कुलपात जाऊन बसते, कुलूप उघडत नाही आणि दुसऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही.

आता प्रयोग पाहा. रुग्णांच्या खालच्या अक्कलदाढा काढल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी जबड्यात बधिर करणारे इंजेक्शन होते, आणि जोडीला डेव्हीचा नायट्रस ऑक्साइडही होता! तीन तासांनी शिरेतून एक इंजेक्शन, आणखी तासाभराने दुसरे. कोणते इंजेक्शन कोणाला, हे रुग्णाला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. वेदना मोजायची दहा सेंटिमीटरच्या रेघेवर. एक टोक म्हणजे अजिबात वेदना नाही, दुसरे म्हणजे असह्य वेदना. रुग्णाने मध्ये कुठेतरी खूण करायची. ज्यांना आधी प्लासिबो मिळाले, त्यांचे दोन गट पडले. काहींची वेदना वाढतच गेली. काहींची थांबली किंवा कमी झाली. मग दुसऱ्या खेपेला नॅलॉक्सोन दिले. पहिल्या गटात काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाची वेदना मात्र वाढली आणि बरोबर पहिल्या गटाच्या पातळीवर जाऊन पोचली.

हा आराम जर नुसता भास असता, किंवा डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून रुग्णाने केलेली भलामण असती, तर एका रसायनाने तो पुसला जायचे कारण नव्हते. अपेक्षेमुळे मेंदूत खरीखुरी द्रव्ये कामाला लागतात, असे म्हणायला प्रथमच प्रयोगाचा आधार मिळाला.

विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना पुष्कळदा आपण इथेच थांबतो, आणि ते बरोबर नाही. पाचच वर्षांनी, 1983 मध्ये, रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हरकत घेतली. त्यांचेही रुग्ण अक्कलदाढेचेच. त्यांना दिसले, की रुग्णाला प्लासिबो दिलेलेच नसताना, त्याच्या नकळत नॅलॉक्सोन सोडले तरी वेदना वाढते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या ताणामुळे शरीरातली अफू आधीच पाझरत असणार, आणि नॅलॉक्सोन ती अडवत असणार. त्याचा प्लासिबोशी संबंध असेलच असे नाही. लेव्हीन यांच्या प्रयोगात काहीच न दिलेला असा गट नव्हता, ही त्याची दुबळी बाजू. मला स्वतःला ही हरकत मूळ प्रयोगाइतकीच देखणी वाटते.

मग लपवून औषध देण्याची युक्ती पुढे आली. शिरेत नळी लावलेलीच असते. औषध एकतर परिचारिकेसारखे समोर उभे राहून द्यायचे, नाहीतर रुग्णाला पत्ता लागू न देता यंत्राने सोडायचे. 1984 मध्ये लेव्हीन आणि गॉर्डन यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, समोर उभे राहून दिलेले मिठाचे पाणी हे लपवून दिलेल्या सुमारे 6 ते 8 मिलिग्रॅम मॉर्फीनच्या तोडीचे ठरले. ही मॉर्फीनची क्षुल्लक मात्रा नव्हे. उलट बाजूनेही पाहा: खरे मॉर्फीनसुद्धा नकळत दिले तर कमी लागू पडते. ‘औषध’ म्हणून आपण जे घेतो, त्यात रसायन असते आणि घेतल्याचे कळणेही असते.

लेव्हीन यांची बाजू पुढे बरीचशी सावरली गेली. 2005 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्लासिबो दिलेल्या निरोगी माणसांच्या मेंदूचे चित्रण करून शरीरातली अफूजन्य द्रव्ये कामाला लागलेली दाखवली. पण सगळाच प्लासिबो परिणाम याच वाटेने जातो असे नाही, हेही आता मान्य आहे. 2001 मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी प्लासिबोची तुलना काहीच न देण्याशी करणाऱ्या चाचण्या एकत्र तपासल्या. बहुतेक दुखण्यांत प्लासिबोचा ठोस परिणाम दिसला नाही, वेदनेत थोडा दिसला. उत्साही मंडळींनी हा निबंध जवळ ठेवावा.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग ग्रेसली यांचा, 1985 चा. सर्व रुग्णांना एकच सांगितलेले: मिळेल त्या इंजेक्शनाने वेदना कमी होईल, वाढेल, किंवा काहीच होणार नाही. तिन्ही शक्यता खऱ्या होत्या. फेंटॅनिल हे जबर वेदनाशामक, नॅलॉक्सोन आणि प्लासिबो. गोम होती ती डॉक्टरांच्या बाजूला. पहिल्या टप्प्यात डॉक्टरांना सांगितले गेले की काही अडचणीमुळे सध्या फेंटॅनिल कोणालाच मिळणार नाही. दुसऱ्या टप्प्यात सांगितले की आता तेही मिळू शकेल. कोणाला काय, हे त्यांना दोन्ही वेळा माहीत नव्हते. नंतर फक्त मिठाचे पाणी मिळालेल्यांची तुलना केली. तासाभराने पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांची वेदना वाढलेली होती, दुसऱ्या टप्प्यातल्यांची कमी झालेली होती.

पाणी तेच, दाढ तीच, रुग्णाला सांगितलेले शब्द तेच. बदलले होते ते फक्त डॉक्टरच्या मनातले: ‘याला आराम पडू शकेल’ की ‘याला आराम पडणे शक्य नाही’. ते रुग्णापर्यंत कसे पोचले? आवाजातून, चेहऱ्यातून, खाटेशी किती वेळ थांबले त्यातून? प्रयोगातून ते कळत नाही. रुग्ण मोजकेच होते, हेही खरे.

शिक्षकांना इथे दुसरे काही आठवले असेल. 1968 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन ती यंदा चमकणार असे सांगितले होते. नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षाअखेरीस त्यांतल्या लहान वर्गांतल्या मुलांची बुद्धिगुणांकात जास्त प्रगती दिसली. त्या प्रयोगावर आकडेशास्त्राच्या अंगाने कडक टीका झाली आहे, आणि परिणाम मुळात वाटला त्यापेक्षा लहान असावा असे आज बहुतेक जण मानतात. तो शून्य आहे, असे म्हणणारे मात्र थोडे.

इंग्लंडमध्ये 1986 आणि 1988 मध्ये हशीश आणि सहकाऱ्यांनी आणखी एक मजेशीर गोष्ट छापली. अक्कलदाढेनंतरची सूज कमी करायला तेव्हा श्राव्यातीत ध्वनिलहरींचा शेक देत. लहरींची तीव्रता शून्यावर ठेवून यंत्राचे टोक नुसतेच गालावर फिरवले, तरी वेदना आणि सूजही कमी झाली, तोंड जास्त उघडू लागले. रुग्णाने स्वतःच गाल चोळला तर मात्र उपयोग झाला नाही. सूज मोजपट्टीने मोजता येते. तिथे ‘मनाचे खेळ’ म्हणणे अवघड जाते. हे वाचले त्या दिवशी मी आईला फोन केला.

पण भक्तिभावाने बोळा उडवून द्यायचे कारण नाही. दाढेच्या जागी उरलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच हाडाचे पांघरूण. चूळ भरताना जोर केला, नळीने ओढून प्यायलो, विडी-सिगारेट ओढली तर ती निघून येऊ शकते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघड्या हाडाचा जीवघेणा ठणका लागतो. क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1896 मध्ये त्याला कोरड्या खड्ड्याचे नाव दिले. तिथे अपेक्षेचा उपयोग नाही; दवाखान्यातच जावे लागते. पू झाला तरी तेच.

आणि रसायनातही निवड असतेच. अमेरिकेत अनेक वर्षे दाढ काढली की अफूवर्गातल्या गोळ्यांची चिठ्ठी देण्याची रीत होती. कित्येक तरुणांची या गोळ्यांशी पहिली ओळख अशीच झाली. 2025 मध्ये तिथली अठराशेंहून अधिक रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. अडकलेल्या अक्कलदाढा काढल्यावर आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल यांची जोडी अफूवर्गातल्या हायड्रोकोडोनच्या जोडीपेक्षा सरस ठरली. इथेही मोजणी रुग्णाच्या सांगण्यावरच.

माझी उजवी दाढ गेल्या वर्षी काढली. या वेळी मी तयारीत होते. वहीवर दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा आखून ठेवल्या होत्या, उशाला घड्याळ. तिसऱ्या तासाला ठणका सुरू झाल्यावर आईने पाणी आणि गोळी आणून दिली व शेजारी बसली. दर पाच मिनिटांनी मी खूण करत होते. पहिली खूण आठवर, दुसरी साडेसातवर, तिसरी सहावर. चौथ्या वेळी आईने विचारले, हे काय चालले आहे? तोंडात बोळा होता, मी वही दाखवली. तिने ती वाचली, पेन माझ्या हातातून काढून घेतले आणि दिवा मालवला. चौथ्या रेघेवर खूण नाही. मला झोप लागली होती.